चार बोटं

व्हर्नाला दार बदलून हवं होतं
कारण नवा फ्रीझर.
त्यात अर्धा मूस मावतो, हिवाळ्याचा सगळा कॉड मावतो,
पण तो आल्यापासून दार अर्धंच उघडतं
आणि ती तिरकी होऊन आत शिरते,
पोट आत घेऊन, शिव्या बाहेर सोडून.

"लिअँडर," फोनवर म्हणाली, "जन्मभर होड्या बांधल्यास,
एक दार तुला काय जड?"
बहीण आहे, तिला कसं सांगावं,
होडीला दार नसतं.
रुसून जायला होडीत दुसरी खोली नसते.

बोनाव्हिस्टात त्या दिवशी धुकं असं
की त्यांचं फाटक मी हाताने चाचपून शोधलं.
अँब्रोज स्वयंपाकघरात, रेडिओवर वाऱ्याचा अंदाज ऐकत.
व्हर्ना आत, मोजा विणत.
मधे हे दार.
दोघांनी मला वेगवेगळा चहा दिला.

बिजागऱ्या तीन. रंगाचे थर सहा की सात.
स्क्रूच्या खाचा रंगाने बुजलेल्या,
त्या खिळ्याच्या टोकाने उकरल्या,
माशाच्या घशातला गळ सोडवावा तशा, हळूच.
पांढऱ्याखाली पिवळा, पिवळ्याखाली
अँब्रोजच्या बापाच्या होडीचा उरलेला हिरवा.
वरच्या बिजागरीपाशी लाकूड पिचलेलं.
मी काही विचारलं नाही.
पोरगा अल्बर्टाला तेलावर गेला त्या हिवाळ्यात
हे दार रस्त्यावरून ऐकू यायचं,
शेजारची फिलोमिना सांगते.
भांडणाचा पूर्णविराम म्हणे तिला घरबसल्या कळायचा.

दार उचलून भिंतीला टेकवलं
तर जमिनीवर पाव वर्तुळ, झिजलेलं.
एवढी जागा पस्तीस वर्षं कुणाचीच नव्हती.
तिथे खुर्ची नाही, बूट नाहीत,
मांजरसुद्धा बसायचं नाही.
दाराच्या येण्याजाण्याला राखून ठेवलेली.
व्हर्ना तिथे येऊन उभी राहिली, उगाच,
मग म्हणाली, "थंड लागतंय," आणि गेली.

सरकतं दार चौकटीत मावत नाही,
भिंतीला धरून चालतं,
म्हणून चौकटीहून मोठं लागतं.
कडेला दोन बोटं पट्टी जोडली.
बिजागऱ्यांच्या खाचांत स्प्रूसच्या चकत्या बसवल्या,
सरस, रंधा, भुसा.
मग रूळ.

पाणसळ धरली तर बुडबुडा टेकडीकडे पळाला.
म्हणजे घर समुद्राकडे कललेलं.
इथली सगळीच घरं तशी, माणसंही.
रूळ पाण्याला धरून लावावा तर छताशी वाकडा दिसेल,
घराला धरून लावावा
तर दार आपल्या मनाने चालेल.
मी बराच वेळ शिडीवर उभा राहिलो.
मग लावला.
कसा लावला ते विचारू नका.

जेवताना विमानाच्या तिकिटावरून निघालं.
नाताळला पोरगा येणार की आपण जायचं,
आणि गेल्या वर्षी कोण काय म्हणालं होतं.
व्हर्ना उठली. ताट अर्धं.
आत जाऊन तिने दार ओढलं, सवयीच्या सगळ्या जोराने.

आवाज झाला नाही.
चाकं कुजबुजली, दार टोकाला टेकलं
आणि चार बोटं मागे आलं.

तिने पुन्हा ओढलं.
पुन्हा चार बोटं.
अँब्रोज हसला नाही, तेवढी अक्कल त्याने दाखवली.
मी बटाट्यात मान घालून बसलो.
फटीतून तिची विणकामाची सुई दिसत होती, थांबलेली.
बऱ्याच वेळाने तो फटीला उद्देशून म्हणाला,
"रात्री वारा ईशान्येचा आहे."
आतून उत्तर: "मग चादरी आत घे ना."

दुसऱ्या दिवशी फोन. दार बंद होत नाही,
लोक तुला सुतार म्हणतात, लाज वाटते का.
सोमवारी येतो, म्हणालो.
हा पाचवा सोमवार.
धुकं फार आहे,
आणि पाणसळ कुठे ठेवली
काही केल्या सापडत नाही.