बत्तीस वेळा हो

मेलेलं कार्ड नाही म्हणत नाही.
हे पहिल्या नोकरीत मला कोणी सांगितलं नव्हतं.
रजिस्टर वाचायला जावं तर ते
बत्तीसच्या बत्तीस बिट एक करून पाठवतं.
तापमान किती? हो.
रांगेत पाकिटं किती उरली? हो.
तू आहेस का?
हो.

चांदिवली, नववा मजला, रात्रीचे पावणेतीन.
साकीनाक्यावरून विमानं इतकी खाली येतात
की बशीतले स्क्रू एकमेकांना लागतात.
नफीसा कोंडकर चालू मशीनमधून
कार्ड हातानं उपसते. मुद्दाम.
"बघू तुझा ड्रायव्हर रडतो का."
तो रडत नाही.
तो वाट बघत बसतो,
एका बिटाची, जो शून्य व्हायचा आहे
आणि आता होणार नाही.
कुलूप त्याच्याच मुठीत,
मागे अख्खं मशीन खोळंबलेलं.

मीच लिहिलं होतं:
समोरचा कामात असेल तोवर थांब.
किती वेळ, ते लिहायचं राहिलं.

मग चार आठवडे आम्ही तेवढंच केलं.
चूक कळली की आधी हात बाहेर काढ.
काही लिहू नकोस, काही वाचू नकोस.
ज्यांची उत्तरं येणार नाहीत
त्यांना तसं सांगून टाक, लटकत ठेवू नकोस.
मग त्या बसवरच्या प्रत्येक ड्रायव्हरला विचार
(एका बसवर पाच ड्रायव्हर! बेस्टवाले हसतील)
तुझं तुला सावरेल,
का मुळापासून सुरुवात हवी,
का सोडून द्यायचं?
एकानं जरी मुळापासून म्हटलं
तरी सगळ्यांचा दिवा जातो.
"आमच्या सोसायटीत टाकी धुतात तेव्हा हेच,"
नफीसा म्हणाली, आणि कटिंग संपवला.

रीसेटनंतर कार्ड येतं ते कोरं.
स्वतःचा पत्ताही त्याला ठाऊक नसतो.
म्हणून सगळं धड चालू असताना,
पहिल्याच दिवशी,
त्याची वही उतरवून ठेवायची.
हेही मी उशिरा शिकले.

भाऊ एकोणतीस वर्षं माझगावच्या एक्स्चेंजमध्ये.
रिसीव्हर कानाला लावून, नुसत्या खरखरीवरून सांगायचे
केबलमध्ये पाणी कुठल्या खड्ड्यात शिरलंय.
आता डावा कान गेला, उजवा त्याच्या मागे निघालाय.
जेवलात? हो.
रक्तदाबाची गोळी? हो.
दुपारी कोण आलं होतं? हो.
दोन वर्षं मी ही उत्तरं खरी धरली
आणि फोन ठेवून कामाला लागले.

कार्डाचं आम्ही आता असं करतो:
सगळे एक आले की विश्वास नाही ठेवायचा.
अगदी पहिल्या खणातलं विचारायचं,
तुला बनवलं कोणी?
त्याचं उत्तर बत्तीस वेळा हो
असूच शकत नाही.

रविवारी माझगावला गेले.
टीव्ही मोठ्यानं चालू, भाऊ घेवडा सोलत बसलेले.
विचारलं, आईचं माहेरचं आडनाव काय हो?
हो, म्हणाले.

मी टीव्ही बंद केला.
पिशवी खाली ठेवली.
पुढचं काहीच विचारलं नाही.
शेंगेचं देठ काढून दोरा ओढत
त्यांच्या अगदी समोर बसले, खिडकीच्या उजेडात,
माझे ओठ दिसतील असं.

कोडमध्ये तीन प्रयत्न आहेत, मग कार्ड कायमचं बाद.
तो आकडा मी टाकलाय, नफीसानं तपासलाय,
त्यावर आमचं भांडणही झालंय.

घेवडा निम्मा झाला.
भाऊंनी मान वर केली,
बराच वेळ माझ्याकडे बघितलं
आणि जरा चिडूनच म्हणाले,

"काय विचारलंस मघाशी?"