खुब्यांचा चुना

शेवंती गिरप रिकाम्या खुब्यांचा डबा
लॅबच्या पायरीवर ठेवून विचारते,
"काय करतलंस गो ह्येचा?"

नऊशे अंशांवर
शिंपल्यांतला कोंडलेला श्वास सुटतो,
मागे चुना उरतो, बोटाला चावणारा.

वेंगुर्ल्याच्या तीन खानावळींतलं
सुरमई तळून काळवंडलेलं तेल,
थोडं उंडीचं, मिथेनॉल.
पहिल्या खेपेला नुसता साबण झाला,
त्यानंच हात धुतले.

आज बाटलीत दोन थर.
खाली ग्लिसरीन, वर मधाच्या रंगाचं.
आणि गाळणीवर चुना,
लग्न जुळवून पंगतीला न बसलेला.
पाचव्या खेपेला तोही थकतो,
हे मी अहवालात लिहिलंय.

हे लिहिलेलं नाही:
गिरपांची होडी सुटली
तेव्हा धुराचा वास घेत
धक्क्यावरची सगळी मांजरं
पाण्यापर्यंत गेली.