क्लबिंग

नवी पेठेत, अरुंद जिन्याच्या दुसऱ्या मजल्यावर
सीए बोल्ली म्हणाले,
"बायकोच्या नावानं एफडी टाकलीत तरी
व्याज तुमच्याच उत्पन्नात धरणार.
तुम्ही दिलेलं, कायद्याला दिलेलं वाटत नाही."

मी बोटं मोडत होतो:
विमा, पीपीएफ, घरकर्जाचा निम्मा हप्ता.

नागमणीनं पिशवीतून पासबुक काढलं,
कोपरे मऊ पडलेलं.
टॉवेलांची काठशिलाई, डझनाला अठरा रुपये,
अक्कलकोट रोडचा कारखाना, अकरा वर्षं.

मला ठाऊक नव्हतं.
म्हणजे, मशीनचा आवाज ठाऊक होता.

बोल्लींनी चष्मा कपाळावर सरकवला.
"हे मात्र वैनींचं.
ह्याला तुमचं नाव लागत नाही."

जिना उतरताना
पिशवी धरायला मी हात पुढे केला.
बाहेर मार्चचं ऊन.
तिनं छत्री दिली.