जैसे थे

दर तीन महिन्यांनी मी बासष्ट कारखान्यांना फोन करते.
कारखाने म्हणजे काय, खाली यंत्र, वर घर,
मधल्या जिन्यावर तेलाचा वास आणि नातवाची सायकल.
पूर्व ओसाकातल्या या गल्ल्यांत
जगातले निम्मे बोल्ट जन्मतात
असं इथला प्रत्येक जण सांगतो.
मोजले मात्र कुणीच नाहीत.

प्रश्न दोनच.
गेले तीन महिने कसे गेले? येणारे तीन कसे जातील?
उत्तरं तीन.
एक : बरे. दोन : जैसे थे. तीन : वाईट.
एकवाल्यांतून तीनवाले वजा करायचे,
उरेल तो या शहराचा आत्मविश्वास,
दशांश चिन्हापुढे एका घरापर्यंत.
दोनवाल्यांचं काय?
छेदात असतात ते. अंशात नसतात.

जुन्या माणसांना यात नवं काही नाही.
इथे पूर्वी भेटल्यावर विचारायचीच रीत होती :
काय, कमाई होतेय ना?
आणि उत्तर ठरलेलं : चाललंय आपलं.
तिजोरी भरलेला तेच म्हणायचा,
बँकेची नोटीस खिशात घेऊन निघालेलाही तेच.
माझी नोकरी म्हणजे
त्या 'चाललंय आपलं'ला आकडा लावणं.

इनागाकी, स्प्रिंगवाले : तीन.
येन घसरला, पोलाद चढलं, गिऱ्हाईक म्हणतं भाव तोच ठेवा.
'स्प्रिंगा मी बनवतो बाई, दाबतात मात्र मलाच.'

फुकुमोतोबाई, पुठ्ठ्याची खोकी : एक!
गेली चार वर्षं तीन सांगत होत्या.
'मोठ्या मापाची खोकी संपत आलीत. सगळी मागणी गल्लीतलीच.'
एवढं भरतायत तरी काय, मी विचारलं.
'सामान,' त्या म्हणाल्या,
आणि जरा वेळ काहीच म्हणाल्या नाहीत.
'तू आपलं एक लिही.'
लिहिलं.

एकेचाळीसावे निशिवाकी. बोल्ट.
त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे.
मागे प्रेस चालू, खडाड्-खट्, खडाड्-खट्,
दोन ठोक्यांच्या फटीत शब्द सारायचा.
अकरा वर्षं त्याच फटीतून ते ओरडले : दोन!
मंदी आली, दोन. साथ आली, दोन.
तैवानची मोठी ऑर्डर मिळाली तेव्हाही दोनच,
जरा हसून.

आज मी सवयीने ओरडले.
'हळू बोला, ऐकू येतंय.'
खरंच येत होतं.
किटली. भिंतीवरचं घड्याळ.
कुणीतरी चिकटपट्टी ओढत होतं, फर्र्र,
थांबत होतं, पुन्हा फर्र्र.
गेले तीन महिने?
'दोन.'
येणारे?
घड्याळ बराच वेळ एकटंच बोललं.
'दोनच लिहा. शेजारचा पोरगा कर्ज काढून नवं यंत्र घेतोय.
तुमचा आकडा छापून येतो. तो वाचतो.'

सांगतील ते लिहायचं, असा नियम आहे.
ऐकू येईल ते नाही.

फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं,
तुमचं काय, मार्चनंतर?
माझा करार मार्चमध्ये संपतो, हे मी त्यांना कधी सांगितलं होतं?
प्रेसच्या त्या गोंगाटात
त्यांनी कसं ऐकलं?
चाललंय आपलं, मी म्हटलं.

शुक्रवारी निर्देशांक आला.
गेल्या खेपेस शून्य होता,
आता अधिक एक पूर्णांक सहा दशांश.
बातमीवाल्याने टाय सारखा केला, म्हणाला, सावध आशावाद.
मी पाकिटाच्या पाठीवर भागाकार केला :
बासष्टात एक म्हणजे नेमकं तेवढंच.
त्या रात्री अख्खं शहर
फुकुमोतोबाईंच्या खोक्यांवर उभं होतं.

जूनची यादी बहुतेक दुसरं कुणी घेईल.
एकेचाळीसपुढे मी पेन्सिलीने लिहून ठेवलंय :
फोन उचलला, तर ओरडू नये.