कितीपैकी

मशीन मेलेलं रक्त घेत नाही.
गुठळी दिसली की लाल दिवा लावून बसतं.
म्हणून केंद्रे मॅडमनी कपाटातली
साहलीची जुनी नळी काढायला लावली.

लिंबाजीनं मांडीच्या शिरेतून घेतलं, मग काळजातून.
सिरिंज उजेडात धरून म्हणाला,
"रक्त कसलं ताई, मुरमाचं पाणी हाय हे."

निलावती, वय सव्वीस, तालुका सेनगाव.
कागदावर जिन्यावरून पडली.
पाणथरी फाटलेली, पोटात वाडगाभर रक्त.
एवढ्यानं मरतं का माणूस?
नवरा म्हणतो, तिच्या अंगात रक्तच नव्हतं आधीपासून.
भाऊ बाहेर टाकीपाशी उभा, तिची एक चप्पल घेऊन.

खुणेपर्यंत आम्ल. त्यात रक्त. दहा मिनिटं.
मग हिंगोलीच्या उन्हाकडे तोंड करून
थेंब थेंब पाणी सोडत राहिले,
शेजारच्या काचेतला तपकिरी
आणि निलावतीचा तपकिरी
एक होईस्तोवर.

मांडीतलं पाच पॉइंट दोन.
काळजातलं सात.
"मेल्यावर रक्त खाली बसतं," मॅडम म्हणाल्या,
"ताकाचं कसं, वर निवळी राहते. दोन्ही लिही."

भावानं खिशातून कार्ड काढलं,
मागल्या बाळंतपणाआधीचं, घड्यांवर विरलेलं.
जून १०.८.
ऑगस्ट १०.८.
ऑक्टोबर १०.८.
"म्हणजे रक्त होतं," मॅडम म्हणाल्या. "मग ते गेलं कुठं?"

मी गप्प.
अक्षर माझं नाही, पण ओळखीचं आहे.
सहा वर्षं मीही होते उपकेंद्रात.
आम्ल संपलेल्या महिन्यात
खालची पापणी ओढून बघायची,
मागं रांग, फाटकात जीप हॉर्न देतेय,
आणि लिहायचं दहा पॉइंट काहीतरी.
बारा लिहिलं तर साहेबाला पटत नाही.
नऊ लिहिलं तर गोळ्या द्याव्या लागतात.
गोळ्या नव्हत्या.

आता बोलले तर नवऱ्याचं खरं होतं.
नाही बोलले तर त्या कार्डाचं.

रजिस्टर मिटलं. नळी नळाखाली धरली,
तळाचा डाग निघेना.
भाऊ दारात आला.
"ताई, किती निघालं?"

पाच, मी म्हटलं.

तो थांबला. मग म्हणाला,
"कितीपैकी?"