एकोणचाळीस

कोपरखैरण्याला, सेक्टर पंधरात,
पिठाच्या गिरणीवर आमचा वर्ग.
अकरा वाजता खाली ज्वारी पडते
आणि वरची फरशी थरथरते,
टेबलावरची नाणी आपोआप सरकत एकमेकांकडे जातात.
हेमांगी त्यांना हाताचा बांध घालते :
"थांबा. मोजायचंय अजून."

चौतीस वर्षं बँकेत रोकड मोजली मी.
ओल्या स्पंजावर बोट, शंभराची गड्डी
वीस-बावीस सेकंदांत खलास.
निवृत्तीनंतर इथं आलो तेव्हा वाटलं,
पैसे शिकवणं काय, माझ्या हातचा मळ.

पहिल्याच आठवड्यात भाषेनं मला पाडलं.
मी अडतीस म्हणालो,
तिनं आधी आठ लिहिला, मग तीन.
"आधी आठ बोललात तुम्ही."
बोललोच होतो.

एकोणचाळीस मात्र तिला आवडला.
"चाळीसला एक कमी. शब्दातच लिहिलंय, सर,
किती द्यायचे, किती परत घ्यायचे."
साठ वर्षं तो शब्द माझ्या तोंडात होता.

पलीकडच्या खोलीत फिरोज गॅसची कळ बंद करतो
आणि तीनदा वाकून बघतो.
सायलीला नको म्हणायला शिकवतायत.
ती चहालाही नको म्हणते
आणि कप पुढे गेला की रडते.

आज हेमांगी एकटी, वेलजीभाईंच्या दुकानात.
मीठ सत्तावीस, साबण दहा, काडेपेटी दोन.
मी रस्त्यापलीकडे, बंद एटीएमच्या पायरीवर,
हातात पेपर. काही झालं तरी रस्ता ओलांडायचा नाही.
ही अट तिची.

तिनं दहाच्या चार नोटा पत्त्यांसारख्या मांडल्या.
वेलजीभाईंनी स्कॅनच्या चौकोनाकडे बोट केलं,
तिनं नोटांकडे.
मग ते हसले.
ते हसणं मी आता लांबूनही ओळखतो.
त्यांनी नोटा तिच्याकडे परत सरकवल्या.
काय म्हणाले ते तिनं नंतर सांगितलं, त्यांच्याच आवाजात :
"राहू दे बेटा, घेऊन जा. तुझ्याकडून काय घ्यायचे?"

हे आम्ही घेतलंच नव्हतं.
फसवणारा दुकानदार घेतला होता,
मीच झालो होतो, कोळशाची मिशी काढून.
सुटे नाहीत म्हणत गोळी टेकवणाराही घेतला होता.
दयाळू दुकानदार
कुणाला सुचला नव्हता.

तिनं नोटा पुढे सरकवल्या.
त्यांनी मागे.
तिनं पुढे.
चोवीस वर्षांची बाई, मीठ विकत घ्यायला आलेली.
मागे रांग वाढली. एका पोरानं फोन काढला,
एकीनं जड पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
मी एक पाय पायरीखाली टाकला
आणि उचलून घेतला.

शेवटी गल्ला उघडला. चाळीस आत गेले.
तरी ती उभीच.
हात पसरलेला नाही, काउंटरवर सपाट ठेवलेला.
रुपया येईपर्यंत तसाच.

माझ्या खिडकीपुढे महिन्याच्या एक तारखेला
एक म्हातारे यायचे पेन्शनला.
तिथंच उभे राहून मोजायचे, चुकायचे, पुन्हा पहिल्यापासून.
मी काचेवर पेन वाजवायचो.
टक. टक.
एकदाही त्यांनी वर बघितलं नाही.

हेमांगी रस्ता ओलांडून आली,
उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे बघून.
मूठ उघडली. घामेजलेला रुपया.
"एकोण," ती म्हणाली.

"आणि मीठ?"

पिशवी तिकडेच, काउंटरवर.
मी उठायला लागलो.
"अट आहे ना, सर?"
रुपया तिनं माझ्या हातात ठेवला,
माझी बोटं एकेक करून मिटवली.
"धरा. हरवू नका."
आणि कडेला जाऊन उभी राहिली,
उजवीकडे बघत.