टकळी

सीनेच्या काठी, पांढरीच्या टेकाडात,
चौथ्या थरात, चुलीच्या राखेलगत
नरसव्वा गुंडेटीच्या खुरप्याला लागलं ते:
भाजलेल्या मातीचं, बोराएवढं, मधोमध भोक.

मणी, म्हणाले सर.
मणी न्हवं ओ, टकळीचं बूड की हे.
तिनं तुराटीची काडी खुपसली भोकात,
मांडीवर घासून सोडली,
अन् तीन हजार वर्षं थांबलेलं
गरगरलं.

तेव्हा सिंधूकाठच्या विटांवर कधीच वाळू चढली होती.
तिकडचं सरकीचं बी
कुणाच्या ओच्यातून इथवर आलं, कोण सांगणार?
पुराची रेघ पाहून कुणीतरी
या उंचवट्यावर घागर उतरवली,
म्हणाली, पुढं नको आता.
मग कणगी, कणगीमागं उंदीर,
मापावरून भांडण,
आणि ज्याच्याकडं माप, त्याचं घर
इतरांहून दोन हात मोठं.

नरसव्वाचा नवरा गिरणीत साच्यावर होता.
गिरणी गेली. चिमणी आहे.
उद्या कुणी तिथं खणलं तर
कितव्या थरात सापडेल भोंगा?

सर पिशवीवर लिहितात: क्रमांक, खोली, थर.
काय लिवलं? ती विचारते.
उत्तर यायच्या आत
उन्हाकडं बघून हात झटकते:
टेम्पो पाचला सोडा ओ आज.
पाचवा दिवस हाय,
नळाला पाणी येतंय.